माळवदावरचा मणी: वस्तू मातीत जातात कशा?

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं आमचं जुनं घर उतरवलं. 'पाडलं' म्हणायला आप्पांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, जीभ वळत नाही, म्हणून 'उतरवलं'. घर माळवदाचं. लाकडी तुळया, त्यावर कड्या-फळ्या, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यात वर हात-दीड हात मातीचा थर. मजूर ती माती टिकावानं मोकळी करून खाली ढकलत होते आणि मी समोरच्या पायरीवर बसले होते. ढिगातून घरंगळत एक मणी माझ्या पायाशी आला. हरभऱ्याएवढा, गाजराच्या रंगाचा, अकीकासारखा गुळगुळीत, मधून आरपार भोक. त्याच्या मागोमाग काळ्या काचेच्या बांगडीचा पेरभर तुकडा आणि दोन खापऱ्या.

"आप्पा, आपल्या माळवदावर बांगडी कुणाची हो?"

"आपल्या घरातली न्हवं ती," आप्पा म्हणाले. "वरची माती गावाकडनं यायची की. पांढरीची. माझ्या आज्यानं बैलगाडीनं आणलेली."

मातीत काही सापडलं की आपण लगेच विचारतो, हे कुणाचं हरवलं? प्रश्न साहजिक आहे, पण अर्धा आहे. वस्तू हातातून सुटते एका जागी, मातीआड जाते दुसऱ्या जागी आणि कुणाला तरी दिसते ती तिसऱ्याच जागी. मधला प्रवास ठाऊक नसेल तर सापडल्या जागेवरून बांधलेला अंदाज हमखास चुकतो. त्या तुकड्यावरून मी माझ्या पणजीच्या मनगटाचं माप काढत बसले असते, तर ते असंच फसलं असतं. सोलापूर आणि भोवतालच्या मुलखात हा प्रवास कसा होत आला, ते सांगायचं तर सुरुवात त्या पांढरीपासूनच करावी लागते.

जुन्या मराठी कागदपत्रांत गाव म्हणजे 'काळी-पांढरी'. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ही नावं उगाच पडलेली नाहीत. माणसं जिथं शेकडो वर्षं राहतात, तिथल्या मातीचा रंगच पालटतो. चुलीची राख, सारवणाचे पापुद्रे, बसलेल्या भिंती, गोठ्यातलं मूत, हाडं, चुना असं सगळं मिसळून ती राखाडी-पांढरट होते आणि हाताला पिठासारखी लागते. मातीचं घर दोन-तीन पिढ्या टिकतं. भिंत बसली म्हणून ती माती कुणी गावाबाहेर वाहून नेत नसे. तिथंच पसरायची, चोपायची, वर नवं जोतं घ्यायचं. जुन्या जमिनीवर जे काही पडलेलं असेल ते आपसूक नव्या जमिनीखाली. असं वीसपंचवीस वेळा झालं की गाव टेकाडावर चढतं. आपल्याकडच्या कितीतरी गावांत वेशीतून आत शिरलं की चढ लागतो. तो डोंगराचा नसतो, घरांवर बसलेल्या घरांचा असतो.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमारास तिथं राहिलेल्या शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरं उजेडात आली. तिथल्या खड्ड्यांची गोष्ट मला फार जवळची वाटते. धान्य साठवायला माणसांनी जमिनीत खड्डे खणले. आपल्याकडं ज्वारीची पेवं असायची, त्यांचीच ही पूर्वज. खड्डा धान्याच्या कामाचा उरला नाही की त्यात घरचा केर, राख, फुटकी भांडी पडायची. म्हणजे धान्याचा खड्डा पुढं उकिरडा व्हायचा. पेव पडकं झालं की त्यात केर लोटायचा, हे आप्पांनीही लहानपणी पाहिलं आहे. तीन हजार वर्षांत ही सवय बदललेली नाही.

आता ही पांढरीची माती फार गुणाची. काळीसारखी ती उन्हात फाटत नाही, पाण्यानं फुगत नाही. म्हणून भिंतीला आणि माळवदाला तीच हवी. पावसाळा तोंडावर आला की माळवदावर नवी माती टाकायची, चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, हे घरोघरचं वार्षिक काम. शिवाय राख-हाडांमुळं ती खतासारखी लागू पडते, म्हणून शेतातही जायची. गावोगावच्या पांढऱ्या आणि गढ्यांची टेकाडं अशी कडेकडेनं खणली गेली आणि त्यांच्या पोटातले मणी, बांगड्या, नाणी भिंतींत, छपरांवर, वावरांत पांगली. बार्शीच्या पलीकडं तेरणेकाठी तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक खलाशांच्या वर्णनात येणारं 'तगर' ते हेच. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीत मिळणारे मणी, मातीच्या मूर्ती, नाणी वर्षानुवर्षं जमवली आणि त्यातून आजचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. एका गावच्या माणसानं जपलं म्हणून तेवढं तरी राहिलं. इतर गावांची पांढरी कुणाच्या माळवदावर आणि कुणाच्या बांधावर गेली, ते सांगायला कुणी नाही. याची मला मनापासून हळहळ वाटते.

पांढरीच्या खालोखाल मान उकिरड्याचा. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, पण खरं तर ती दर उन्हाळ्यात फिटायची. गोठ्यातलं शेण, चुलीची राख आणि अंगणातला केर वर्षभर एकाच ढिगावर पडायचा. वीज नव्हती तेव्हा पहाटेच्या अंधारात, चिमणीच्या उजेडात केर काढला जायचा. केरसुणीपुढं काय काय जात असेल, याचा विचार करून पाहा. चमकीची फिरकी, मंगळसूत्राचा सुटा मणी, घासून पातळ झालेलं जोडवं, सुई, बटण, लेकराच्या मनगटातला दृष्टीचा मणी, बजरबट्टू. केर पाटीत भरला, उकिरड्यावर उपडा केला, झालं. 'हरवली' म्हणून ज्या वस्तूसाठी घर पालथं घातलं, ती परड्यात शेणाखाली असायची. मग चैत्र-वैशाखात उकिरडा उपसायचा, बैलगाड्या भरायच्या आणि खत वावरात विस्कटायचं. घरात पडलेली फिरकी अशी गावापासून कोस-दीड कोसावर ज्वारीच्या रानात पोचायची.

म्हणून रानात चार खापऱ्या आणि बांगडीचा तुकडा मिळाला की "इथं जुनं गाव होतं" असं ठोकून देऊ नये. पातळ विखुरलेल्या, झिजून कडा गोल झालेल्या खापऱ्या बहुतेक खताबरोबर आलेल्या असतात. गाव असेल तर मातीचा रंग बदलतो, राख दिसते, जाती-पाट्यांचे दगड, हाडं आणि मोठ्या खापऱ्या दाटीनं मिळतात. हा फरक ओळखायला फार शिकावं लागत नाही, थोडं वाकून पाहावं लागतं. अमेरिकेतले पुरातत्त्वज्ञ मायकल शिफर यांनी १९७० च्या दशकात हेच शास्त्रशुद्ध मांडलं. वस्तू वापरली कुठं, टाकली कुठं आणि टाकल्यावर निसर्गानं व माणसानं तिचं काय केलं, हे तीन प्रश्न वेगळे धरायचे. आपल्या आज्यांना ते उकिरड्यावरून माहीत होतं.

पण सोलापूरच्या बाबतीत सगळ्यात मोठा हात आहे काळ्या मातीचा. लोखंडी नांगर येण्याआधीपासून ही जमीन स्वतःला स्वतः नांगरत आली आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेल्या या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि जमिनीला भेगा पडतात. भारी जमिनीत भेग मीटरभर खोल जाते. एप्रिल-मे महिन्यात मंगळवेढ्याच्या किंवा मोहोळच्या रानात उभं राहून भेगेत काठी सोडा, हातातली काठी खाली जात राहते. पहिला वळीव पडला की वरचा भुगा, काडीकचरा, वरची जी काही चीजवस्तू असेल ती भेगेत उतरते. मग माती फुगते आणि भेगेचं तोंड मिटतं. तळाशी आधीच भर पडलेली असल्यामुळं फुगणाऱ्या मातीला जागा पुरत नाही, ती बाजूला आणि वर रेटली जाते. वर्षानुवर्षं असं होत होत खालची माती वर, वरची खाली. जगभर अशा मातीला 'व्हर्टिसॉल' म्हणतात. लॅटिनमधल्या 'वळणे, उलटणे' या अर्थाच्या शब्दावरून ते नाव आलं आहे. याच रेट्यात मोठे दगडगोटे हळूहळू वर येतात आणि बारीक वस्तू भेगांतून खाली जातात.

१९७२ च्या दुष्काळात आप्पांची चुन्याची पितळी डबी अशीच भेगेत गेली. बांधावर बसून तंबाखू मळताना हातातून निसटली. खांद्यापर्यंत हात घातला तरी बोटाला लागली नाही. बापाची डबी होती, म्हणून त्यांनी भेगेच्या कडेनं खणूनही पाहिलं. पुढं तीसेक वर्षांनी ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीत ती वर आली, ती पडल्या जागेपासून पंधरा-वीस पावलांवर, झाकण गायब, पोटात घट्ट काळी माती. मी ती हातात घेऊन पाहिली आहे. बिजागरीच्या जागी हिरवा थर चढलेला, एका बाजूला नांगराच्या फाळाचा ताजा पिवळा ओरखडा. आणि आत, माती कोरून काढल्यावर, तळाला खडूसारखा चिकटलेला चुना तसाच. आप्पांनी तो नखानं खरवडला आणि बोटावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले.

अशा जमिनीत खोल सापडलं म्हणजे जुनं, असं म्हणता येत नाही. उत्खनन करणारे काळ्या मातीत म्हणूनच जपून असतात. भेगेची जुनी रेघ मातीत वेगळ्या रंगानं दिसते का ते आधी पाहतात. उंदीर-घुशींची बिळं आणि वाळवीही हेच काम करतात. गांडुळं आपली माती वर आणून टाकतात आणि पृष्ठभागावरची वस्तू हळूहळू खाली जाते, हे डार्विननं १८८१ साली मोजमाप घेऊन दाखवलं होतं. आपल्या कोरड्या मुलखात गांडुळांपेक्षा भेगांचाच वाटा मोठा, असं मला वाटतं.

शहराची गोष्ट वेगळी. इथं वस्तू मातीत जातात त्या पायांनी. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. होम मैदानावर लाखो पावलं पडतात आणि तिथला फुफाटा सोलापूरकराच्या नाकात वर्षभर राहतो. पायाखाली भुसभुशीत माती असली की बारीक वस्तू तुडवली जाऊन काही तासांत दिसेनाशी होते. मोठी वस्तू वर राहते, कुणीतरी उचलतं. म्हणून जत्रेच्या जमिनीत चप्पल उरत नाही, पैंजणाचं घुंगरू उरतं. त्यावर पुढच्या वर्षी मुरूम पडतो, रोलर फिरतो आणि थर बंद.

नंदीध्वज पेलणारे भक्त त्या दिवशी पांढरी बाराबंदी घालतात. बाराबंदीला बटण नसतं, बंद असतात. बटण ही शिवलेल्या सदऱ्याबरोबर घरोघर पोचलेली वस्तू. १८६० साली रेल्वे सोलापूरला आली, १८७७ साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झाली आणि गिरणीचं कापड, काचेच्या बाटल्या, कपबश्या, काडेपेट्या, शिंपल्याची आणि पुढं प्लॅस्टिकची बटणं असा नवा माल पेठांत आला. म्हणून जुन्या वाड्याच्या पायात बटण लागलं की तो थर साधारण कधीचा, याचा अंदाज बांधता येतो. गोटी सोड्याची काचेची गोटीही तशीच. ती बाटली १८७२ सालची विलायती युक्ती. बाटली फुटली की गोटीसाठी पोरांची झुंबड उडायची, आणि पोरांचा खिसा फाटका असतोच.

पूर्व भागात आणखी एक जागा आहे, जिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. खड्डामाग. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात माग जमिनीसरसा असायचा आणि विणकर खड्ड्यात पाय सोडून, पायानं पावड्या दाबत विणायचा. दिवसभर त्या खड्ड्याच्या काठावर कुटुंबाचा संसार चालायचा. कांडी, सुई, पैसा, लेकराचं खेळणं जे घरंगळेल ते खड्ड्यात. यंत्रमाग आले तसे खड्डे बुजवले आणि वर शहाबादी फरशी बसली. घरातल्या घरात बंद झालेली ती पेटीच म्हणायची. तिथं आडवं सूत इकडून तिकडं नेणारा लाकडी धोटा कुजून जाईल, पण त्याची लोखंडी टोकं गंजलेल्या रूपात राहतील. आणि पेठेतल्या केराच्या ढिगात तेंदूपत्ता कापायचा पत्र्याचा फर्मा निघाला, तर तिथल्या बायका विड्या वळत होत्या हे वेगळं सांगायला नको.

वाड्यातला आड हा असाच एक साक्षीदार. आडात कळशी पडली की गळ टाकून काढायची. गळाला लागायची ती कळशी, हातातून सुटलेली अंगठी नाही. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून' ही म्हण पाण्यापुरती, तळच्या गाळात मात्र बरंच काही असतं. नळ आले, आड आटले, डासांची तक्रार सुरू झाली आणि आड बुजवायचे ठरले. भरायला काय? घरातलीच अडगळ. फुटक्या बरण्या, पोचा पडलेले पितळी गडू, तुटका स्टोव्ह, देव्हाऱ्यातल्या भंगलेल्या मूर्ती. भंगलेली मूर्ती कचऱ्यात टाकायची नसते, म्हणून ती पाण्यात. आड तळातून वर वाचत गेलं तर आधी हरवलेलं लागेल आणि वर टाकून दिलेलं.

हरवलेलं सगळं हरवलेलंच राहतं असंही नाही. सराफ कट्ट्यावर पहाटे झारेकरी यायचे. दुकानांपुढची धूळ, गटारातला गाळ गोळा करून पाण्यात धुवायचे. जड सोनं तळाला बसतं, हलकी माती वाहून जाते, एवढ्या एका नियमावर पिढ्यान् पिढ्या घरं चालली. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात भाविकांनी टाकलेली नाणी शोधणारी पोरं आजही दिसतात. सोन्याच्या बाबतीत समाज इतका जागा होता म्हणूनच जमिनीत सोनं कमी उरलं आणि काच, माती, हाड जास्त. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला, तेव्हा लोकांनी दागिने आणि तांब्या-पितळेची भांडी विकून धान्य घेतलं. ते सगळं वितळलं. गरिबाची मौल्यवान वस्तू मातीपर्यंत पोचतच नाही, वाटेत बाजारात जाते. इतिहास वाचताना हे विसरलं जातं आणि जमिनीत जे सापडतं तेवढंच त्यांच्यापाशी होतं असा समज होतो. तो समज त्या माणसांवर अन्याय करणारा आहे.

मुद्दाम पुरलेल्या वस्तूंचा हिशेब निराळा. बाळाची नाळ घराशी पुरायची, म्हणून तर 'माझी नाळ इथं पुरली आहे' असं म्हणायची रीत. वास्तुशांतीला वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात जमिनीत ठेवतात. इनामगावात एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत झाकून ठेवलेली स्त्रीमूर्ती मिळाली, लहान मुलांना घरातच कुंभांत घालून पुरल्याचं दिसलं. अशा वस्तू नीट मांडलेल्या असतात, खड्डा मुद्दाम खणलेला कळतो. केरातून गेलेल्या वस्तूशी त्यांची गल्लत करू नये.

आणि पुरलेला हंडा. भारतात पोस्टाची बचत बँक १८८२ साली सुरू झाली. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं सामान्य घराची तिजोरी म्हणजे चुलीखालची जमीन. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ मंगळवेढ्याजवळ भीमाकाठी ब्रह्मपुरीला होती. एवढं सैन्य शेजारी चार वर्षं बसलं असताना भोवतालच्या गावांत कोण चांदी उघड्यावर ठेवील? प्लेगच्या साथीत माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. १९४८ साली रझाकारांच्या धाकानं निजामाच्या हद्दीतली कुटुंबं सोलापूर-बार्शीकडं आली. जाताना जे नेता येत नाही ते पुरायचं आणि परत येऊन काढायचं, हा बेत. काहीजण परत आले नाहीत आणि कुणाला सांगूनही गेले नाहीत. मातीतला प्रत्येक हंडा म्हणजे परत न आलेलं एक माणूस असतं, हे मनात ठेवलं तर गुप्तधनाच्या गोष्टी ऐकताना हाव सुटत नाही. त्या हावेपायी माणसांचे बळी गेलेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष अघोरी कृत्यांचा समावेश करावा लागला, तो उगाच नाही.

कायद्याचं म्हणणं साधं आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणं जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, दडवलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे भिंत आणि माळवदही त्यात आलं. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. बांधकामावर मजुराला काही लागलं की ते घाईघाईनं लपवलं किंवा विकलं जातं, त्यामागं कायद्याची भीती जास्त आणि माहिती कमी असते.

मातीत टिकतं काय, हेही बघायला हवं, कारण सगळ्यांना सारखा न्याय मिळत नाही. आपल्या जमिनीत चुनखडी असते, त्यामुळं हाडं बरी टिकतात. तांबं हिरवं होतं, चांदी काळवंडते, लोखंड फुगून ओळखू येईनासं होतं. काच आणि भाजलेली माती जवळपास अमर. सूत, लोकर, चामडं, लाकूड, लाख, कागद, हे सगळं जातं. ज्या सोलापूरचं नाव चादरीनं झालं, त्याच्या मातीत चादर मिळायची नाही. बांगड्यांचे तुकडे मात्र जिथं खणाल तिथं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात मध्ययुगातल्या काचेच्या बांगड्या निघाल्या, त्यांत अनेक रंगांच्याही होत्या. बांगडी काम करताना फुटते, बाळंतपणात फुटते, नवरा गेल्यावर फोडली जाते. तुकड्याचा पुन्हा उपयोग नाही. घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, कुठल्या कागदावर नसेल, मातीत मात्र तिची नोंद पुरुषापेक्षा जास्त आहे.

तारखेसाठी नाण्यासारखा आधार नाही, पण तोही उलट्या बाजूनं वाचावा लागतो. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. नवे पैसे आले १९५७ साली. ज्या थरात नवा पैसा मिळाला तो १९५७ च्या आधीचा असू शकत नाही, एवढं पक्कं. नंतरचा किती, ते नाणं सांगत नाही. शिवराई तर पेशवाई बुडाल्यावरही बरीच वर्षं बाजारात फिरत होती, तेव्हा शिवराई मिळाली म्हणून थर शिवकाळाचा होत नाही. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून गेली. ज्या पोरांनी ती त्या वर्षी परसात फेकली, त्यांनी पुढच्या कुणासाठी तरी तारीख टाकून ठेवली आहे.

उकिरड्याची जुनी वाट आता बंद झाली. केरात प्लॅस्टिक आलं आणि शेतकरी शहराचा केर रानात घेईना. ज्या वस्तू पूर्वी दहा गावांच्या वावरांत विस्कटल्या असत्या, त्या आता तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा डेपोत एका ढिगावर साठतात. घरातली हरवलेली फिरकी तिथंच जाते, गुटख्याच्या पुडीला चिकटून.

घर उतरवायचं काम चार दिवस चाललं. शेवटच्या दिवशी ट्रॅक्टरची ट्रॉली आली आणि माळवदाची सगळी माती भरली गेली. मी चालकाला विचारलं, कुठं टाकणार? "विजापूर रोडला, ताई. प्लॉट खोलगट हाय, भर टाकायचीय. परवा पाया धरणार हायेत." मणी माझ्या रुमालात होता. घरी येऊन तो काडेपेटीत ठेवला आणि आत चिठ्ठी घातली: शुक्रवार पेठ, माळवदाची माती, आणणारा आप्पांचा आजा, उतरवली यंदाच्या वैशाखात. आप्पांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "गावाचं नाव राह्यलं की." मग पेन घेऊन त्यांनीच ते लिहिलं.